थोरल्या भावाची तक्रार

वाचनभाग : लूक १५:२५-३२, १ तीमथ्य ५:३-१६, लेवीय २५:३५-३७, मार्क ७:९-१३, प्रेषितांची कृत्ये ६:१-७.

उद्देश : वृद्धांना मदत देताना त्यांची शिल्लक मोजावी काय, आणि मोजावी तर कशी, याचा विचार करणे.

उधळ्या पुत्राचा दाखला शब्बाथशाळेत आपण दरवर्षी शिकवतो. धाकटा परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, मेजवानी होते, येथपर्यंत सारा वर्ग आनंदाने ऐकतो. मग थोरला शेतातून येतो आणि दाराबाहेरच थांबतो. आपण इतकी वर्षे राबलो, बापाचे काही उडवले नाही, आणि आपल्यासाठी कधी एवढेही झाले नाही, ही त्याची तक्रार. येथे वर्गातील प्रौढ मंडळी जरा गप्प होतात, कारण ती तक्रार त्यांच्याही मनात असते. ह्या महिन्याच्या अभ्यासात आपण ह्या थोरल्या भावाचेच ऐकून घेणार आहोत.

१. तक्रार काय आहे?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील जसोंडीसारख्या गावात दोन भाऊ आहेत असे समजू. दोघांनी केळीच्या बागांत मजुरी केली. थोरल्याने पोटाला चिमटा घेऊन चार पक्क्या भिंती उभ्या केल्या आणि पोस्टात थोडी रक्कम ठेवली. धाकट्याजवळ काही राहिले नाही. दोघेही आता सत्तरीचे आहेत आणि दोघांनाही आधार हवा आहे. सरकारी कागद घेऊन माणूस आला की धाकट्याचे नाव यादीत बसते, थोरल्याचे बसत नाही. थोरला विचारतो, "मी काटकसर केली ती चूक केली काय?"

ही कल्पना असली तरी नियम खरे आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. २००७ साली तिला इंदिरा गांधींचे नाव मिळाले आणि ती दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी ठरली. २०११ पासून वयाची अट ६५ वरून ६० वर आली. केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये व ८० नंतर ५०० रुपये असा ठरला. त्यात राज्ये आपापली भर घालतात. पण आधी नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत हवे. २००२ सालच्या पाहणीत खेड्यांतील प्रत्येक कुटुंबाला १३ बाबींवर गुण दिले गेले, आणि घर कसे आहे, घरात कोणत्या वस्तू आहेत ह्याही त्यांतल्याच बाबी होत्या. ज्याने उपाशी राहून भिंत बांधली त्याचे गुण त्या भिंतीने वाढले.

आता सीमेपलीकडे रावेरकडे दिलेल्या दोन बहिणींचा हिशेब करून पाहू. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये ठरवण्यात आली, आणि २०२३ साली मदत महिना १,००० वरून १,५०० रुपये झाली. दोघीही ६५ च्या पुढच्या आहेत, घरात दुसरे कमावते कोणी नाही, आणि ठेवीवर ८.२ टक्के व्याज मिळते असे धरू. एकीची ठेव अडीच लाख. व्याज वर्षाला २०,५००. ती मर्यादेत बसते, म्हणून तिला आणखी १८,००० मिळतात, एकूण ३८,५००. दुसरीची ठेव तीन लाख, व्याज २४,६००. ती मर्यादेबाहेर, म्हणून तिला मदत काहीच नाही. पन्नास हजार जास्त साठवणारीच्या हाती वर्षाला १३,९०० रुपये कमी पडतात. हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा; मुलांनाही तो कळेल.

वृद्धाश्रमाचेही असेच आहे. मातापिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाबाबतच्या २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकारने काढावा अशी तरतूद केली आहे, पण ती निर्धनांसाठी. पैसे घेऊन ठेवणारे आश्रम वेगळे. समजा, तेथे महिना १०,००० रुपये लागतात. तीन लाख रुपये अडीच वर्षांत संपतात. थोडी शिल्लक असलेला माणूस फुकटच्या दारात बसत नाही, आणि पैशाच्या दारात फार दिवस टिकत नाही.

२. तक्रारीला उत्तर आहे काय?

पहिले उत्तर असे की, निधी थोडा असेल तर आधी ज्याच्या ताटात काही नाही त्याला वाढावे. १ तीमथ्य ५ मध्ये मंडळीने कोणत्या विधवांना पोसावे याची चौकशी सांगितली आहे. मुले-नातवंडे आहेत काय, वय साठीच्या वर आहे काय, असे तेथे विचारले आहे. मंडळीवर नको तो भार पडू नये आणि जी खरोखर एकटी आहे तिला पुरावे, हे कारणही दिले आहे. म्हणून चौकशी करणे हेच मुळी अन्यायाचे आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर असे की, ज्याच्याजवळ राहिले नाही त्याने उधळलेच असे नाही. लूक १५ मधील धाकट्याने उधळले हे खरे, पण आपल्या गावातल्या धाकट्याचे पैसे कदाचित बायकोच्या आजारपणात गेले, एखाद्या वर्षी वादळाने केळीची बाग झोपली, किंवा मजुरीच इतकी थोडी होती की साठवणार काय? शिल्लक हे सद्गुणाचे प्रमाणपत्र नाही आणि रिकामा हात हा पापाचा पुरावा नाही.

तरीही थोरल्याच्या तक्रारीत खरेपणा उरतोच. दाखल्यातील बाप त्याला झिडकारीत नाही. तो बाहेर येतो, त्याची समजूत घालतो, आणि घरात जे आहे ते त्याचेच आहे असे सांगतो. धाकट्याची मेजवानी थांबवली नाही, आणि थोरल्याला दाराबाहेर ठेवले नाही. आपल्या नियमांना हीच कसोटी लावली पाहिजे.

लेवीय २५:३५ मध्ये, भाऊ गरीब होऊन त्याचा हात डळमळू लागला की त्याला सावरावे अशी आज्ञा आहे. तो पुरता आडवा होईपर्यंत वाट पाहावी असे तेथे नाही. जो नियम म्हणतो, "आधी सगळे संपव, मग ये," तो ह्या आज्ञेच्या उलट चालतो.

३. तक्रार कोणाची, म्हाताऱ्याची की वारसाची?

येथे आपण स्वतःला एक अवघड प्रश्न विचारू. "बाबांची आयुष्यभराची कमाई आश्रमात जाणार" असे जेव्हा मुले म्हणतात, तेव्हा त्यांना दुःख कशाचे असते? बाबांनी साठवले ते म्हातारपणी कामी यावे म्हणूनच. ते त्यांच्या औषधाला, अंथरुणाला, सेवेकऱ्याच्या पगाराला लागले तर त्या पैशाचे सोनेच झाले. शिल्लक जपून वारसांच्या हाती द्यावी आणि बाबांचा खर्च मंडळीने वा सरकारने करावा, ही मागणी थोरल्या भावाची नव्हे. ती पुढच्या पिढीची आहे.

मार्क ७ मध्ये प्रभूने अशाच पळवाटेवर बोट ठेवले. आईबापांना जे द्यायचे ते कुर्बान म्हणून देवाला वाहिले असे म्हटले की जबाबदारीतून सुटका, असा त्या लोकांचा समज होता. आज कोणी घर मुलाच्या नावे करून वडिलांना निराधार म्हणून यादीत घालत असेल, तर वाट वेगळी असली तरी मुक्काम तोच आहे.

२००७ चा कायदा ह्या बाबतीत नीट विचार करून केलेला दिसतो. ज्या वृद्धाला स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह करता येत नाही, त्याला मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. न्यायाधिकरण महिना १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवू शकते. मूलबाळ नसेल तर ज्याला वारसा मिळणार त्या नातेवाइकावर ही जबाबदारी येते; वारस अनेक असतील तर ज्याला जेवढा वाटा मिळणार तेवढ्या प्रमाणात. ज्याला शेत हवे त्याने शेताच्या धन्याला सांभाळावे, हे आपल्या आजोबांनाही पटले असते.

कलम २३ तर प्रत्येक घरात माहीत असावे. सांभाळाच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द होऊ शकते. मात्र ती अट होती हे दिसून यावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये म्हटले. आपल्याच मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईने मुलाला दिलेले दानपत्र २ जानेवारी २०२५ च्या निकालाने त्याच न्यायालयाने रद्द ठरवले. म्हणून वडीलधाऱ्यांना सांगावे : हयातीत सर्व लिहून देण्याची घाई करू नका, आणि दिलेच तर सांभाळाची अट कागदावर लिहा.

४. इतर देशांनी काय केले?

इंग्लंडमध्ये हा वाद फार पेटलेला आहे. तेथे ज्याची शिल्लक २३,२५० पौंडांहून जास्त, त्याला वृद्धगृहाचा पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो. १४,२५० च्या खालची शिल्लक मोजत नाहीत. ह्या मर्यादा २०१० पासून हलल्या नाहीत. राहते घरही हिशेबात धरतात, पण पती वा पत्नी त्यात राहत असेल तर धरत नाहीत. एका माणसाला आयुष्यात ८६,००० पौंडांहून जास्त खर्च पडू नये अशी योजना ठरली होती. २०२४ च्या जुलैत सरकारने ती सोडून दिली. तेथील व्यापार-स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला २०१७ साली असेही दिसले की स्वतः पैसे भरणारे लोक नगरपालिकेच्या दरापेक्षा सरासरी सुमारे ४० टक्के जास्त देत होते. म्हणजे साठवणाऱ्याकडून दोनदा घेतले जाते. तरी तेथील एक गोष्ट घेण्याजोगी आहे. दोन मर्यादांच्या मध्ये मदत एकदम बंद होत नाही. प्रत्येक २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न धरून ती हळूहळू कमी होते. रावेरच्या बहिणींसाठी असा उतार असता तर तीन लाखवाली मागे पडली नसती.

जपानने २००० साली वेगळी वाट धरली. तेथे चाळिशीपासून सर्वांनी सेवा-विम्याचा हप्ता भरायचा, आणि म्हातारपणी गरज पडली की शिल्लक न विचारता सेवा मिळते. खर्चाचा दहावा भाग आपण द्यायचा, आणि उत्पन्न जास्त असेल तर थोडा अधिक. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना खुली झाली. वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळ-उपचारासाठी तेथे उत्पन्न विचारले जात नाही. ह्यातला भेद ध्यानात घ्यावा. रोजच्या भाकरीसाठी थोडेफार साठवता येते, म्हणून तेथे ऐपत पाहणे समजण्यासारखे आहे. पण पक्षाघात कोणाला होईल आणि कोण दहा वर्षे अंथरुणाला खिळेल हे कोणालाच ठाऊक नसते. तेवढ्यासाठी एकट्याची काटकसर कधीच पुरणार नाही. असा भार सर्वांनी मिळून उचलावा हेच न्याय्य.

५. आपल्या मंडळीत काय करता येईल?

सरकारचे नियम आपल्या हाती नाहीत, पण मंडळीचा गरीब निधी आहे. कमिटीने मदत ठरवताना पुढील गोष्टी पाहाव्यात असे आम्हांला वाटते.

(अ) राहते घर, वर्षभराच्या औषधांचा खर्च आणि अंत्यविधीसाठी बाजूला ठेवलेले पैसे मोजू नयेत.

(आ) मदत एका आकड्यावर तोडू नये. शिल्लक वाढेल तशी ती थोडीथोडी कमी करावी.

(इ) जोडप्यापैकी एक आश्रमात गेले, तर मागे राहिलेल्याच्या पोटाचा विचार आधी करावा.

(ई) मुलांना बोलावून विचारावे, पण वृद्धाची मदत त्यांच्या उत्तरासाठी अडवून ठेवू नये. भुकेल्याला आज द्यावे. मुलांशी उद्या बोलावे.

(उ) चौकशी दोघा-तिघांनी मिळून करावी आणि ती बाहेर बोलू नये. प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये काही विधवांची उपेक्षा होते अशी कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना दटावले नाही. सात विश्वासू माणसे नेमली.

(ऊ) जो पैसे देतो आणि जो देत नाही, दोघांना एकाच पंगतीत बसवावे. खर्च ऐपतीप्रमाणे घ्यावा, पण ताट, खाट आणि हाक मारण्याची रीत ही सर्वांना सारखीच असावी.

असे झाले तर धाकटा उपाशी राहणार नाही, आणि थोरल्यालाही आत येण्यास हरकत वाटणार नाही.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. रावेरच्या दोन बहिणींचा नियम तुम्हांला बदलता आला तर कसा बदलाल? आकडे मांडून दाखवा.

२. १ तीमथ्य ५ मधील चौकशीत कोणते प्रश्न आहेत, आणि आपण विचारतो त्यांपैकी कोणते तेथे नाहीत?

३. आपल्या मंडळीत असे कोणी आहे काय, जे ना यादीत बसते, ना स्वतःच्या बळावर निभावते? नाव वर्गात न घेता पाळकांना कळवा, आणि ह्या आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन या.