विष नव्हतं ते

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांजरीची पिल्लं एकामागून एक मरायला लागली की पहिला संशय माणसावर जातो. आमच्याकडे तेच झालं. कुणीतरी उंदराचं औषध टाकलंय अशी कुजबुज सुरू झाली आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला आला. उरलेली दोन पिल्लं मी डॉक्टरांकडे नेली, तीही विषबाधेच्याच शंकेनं. त्यांनी आधी रक्त तपासलं. निरोगी मांजराच्या एका मायक्रोलीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण ५,५०० ते १९,५०० असतात. काळ्या पिल्लाच्या रक्तात त्या हजारसुद्धा नव्हत्या.

आजार होता फेलाइन पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे बोलण्यातला ‘कॅट पार्वो’. हा विषाणू झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी गाठतो. आतड्याचं अस्तर झडतं, त्याच वेळी अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होणं थांबतं. आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात तेव्हा त्यांना अडवायला शरीरात कुणी उरलेलं नसतं. धडधाकट पिल्लू दीड-दोन दिवसांत जातं ते यामुळे, आणि लोकांना विषाचा संशय येतो तोही यामुळेच.

ओळखायचं कसं? पिल्लू गप्प होतं. अन्नाला तोंड लावत नाही, अंग तापतं, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसतं पण पीत नाही. मग पिवळट, फेसाळ उलट्या सुरू होतात. जुलाबांची वाट बघू नका, हे मी ठासून सांगते. कित्येक पिल्लं जुलाब लागण्याआधीच दगावतात. तापलेलं अंग गार पडू लागलं तर ताप उतरला म्हणून हायसं वाटून घेऊ नका. ते फार वाईट लक्षण आहे. कुत्र्यांच्या पार्वोची तपासणी किट मांजरीच्या शीवरही चालते, मात्र ती निगेटिव्ह आली म्हणून आजार नाहीच असं धरू नये. सोबत सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करून घ्या.

विषाणू मारणारं खात्रीचं औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारं इंजेक्शन, अँटिबायोटिक आणि उलटी थांबताच थोडं थोडं भरवणं, यावर सगळी भिस्त. पहिले पाच दिवस निभावले तर जगण्याची आशा बरीच वाढते. तापावर घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, एक गोळीसुद्धा मांजरीचा जीव घेते. आमचं काळं पिल्लू सलाईन चालू असतानाच गेलं. तांबूस पिल्लू वाचलं.

पुढचं काम घरातलं, आणि तेच लोक सोडून देतात. हा विषाणू फरशीवर, टोपलीत, चपलेच्या तळाला वर्षभरही टिकू शकतो. त्यामुळे कधी उंबरा न ओलांडलेल्या मांजरीलाही तो गाठतो. सॅनिटायझरनं तो मरत नाही; फिनेल तर मांजरींनाच घातक. आधी साबणानं घाण काढायची, मग १ भाग साधं ब्लीच ३२ भाग पाण्यात मिसळून ते १० मिनिटं ओलं राहू द्यायचं आणि फरशी धुऊन कोरडी झाल्यावरच मांजर आत घ्यायचं. अंथरुणं मी टाकूनच दिली. बरं झालेलं पिल्लूही सहा आठवड्यांपर्यंत विषाणू बाहेर टाकू शकतं, म्हणून तांबूस पिल्लाला तेवढे दिवस वेगळं ठेवलं. माणसांना हा आजार होत नाही.

घरातल्या मोठ्या मांजरीला काहीच झालं नाही, कारण तिची लस पूर्ण होती. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा. लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्यावी लागते. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेतो लस नीट लागू पडत नाही आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. एका डोसवर थांबलेली पिल्लं मी नंतर दवाखान्यात आजारी पाहिली आहेत. आणि ज्या घरात हा आजार होऊन गेला, तिथे पुढचं वर्षभर लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणू नये, कितीही गोजिरवाणं असलं तरी.