जनावरांचा विमा : सही करण्यापूर्वीं

जत तालुक्यांतील शेतकऱ्याची सारी पुंजी जमिनींत नसते. ती बहुतांशीं गोठ्यांत व मेंढवाड्यांत असते. पाऊस दगा देतो त्या वर्षीं ज्वारी-बाजरीच्या रानांतून कांहीं हातीं लागत नाहीं, आणि मग एखादा खिलारी खोंड, दुभती गाय किंवा पांच-दहा माडग्याळी मेंढरें विकून घर चालवावें लागतें. हें धन किती थोड्या दिवसांत जाऊं शकतें तें २०२२ सालीं लम्पी चर्मरोगानें राज्यभर दाखवून दिलें. तेव्हांपासून विम्याकडे लोकांचें लक्ष अधिक लागलें आहे व तें योग्यच आहे. परंतु हप्ता भरला म्हणजे काम झालें अशी जी समजूत आम्हांस ठिकठिकाणीं आढळते, ती महागांत पडणारी आहे. म्हणून या विषयावर सविस्तर लिहीत आहों.

आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें. तेथें जमीन कोणाची हा प्रश्न उताऱ्यावर काय लिहिलें आहे तें पाहून सुटतो. विम्याचेंही तसेंच आहे. विमा कंपनीस तुमच्या गोठ्यांतील गाय ठाऊक नसते. तिला ठाऊक असते ती करारपत्रांत वर्णिलेली गाय : अमुक रंगाची, अमुक वयाची, अमुक कामाची आणि कानांत अमुक क्रमांकाचा बिल्ला असलेली. मेलेलें जनावर व कागदावरील जनावर एकच, हें दाखविण्याचा भार धन्यावर पडतो. भरपाई नाकारल्याच्या ज्या हकीकती आमच्या कानांवर आल्या, त्यांतील पुष्कळ येथेंच अडकलेल्या होत्या.

तेव्हां बिल्ल्याची गोष्ट प्रथम घेऊं. सरकारी पशुधन नोंदणींत जनावरास १२ आंकडी क्रमांक मिळतो व तो कानांतील पिवळ्या बिल्ल्यावर छापलेला असतो. ‘बिल्ला नाहीं तर भरपाई नाहीं’ ही अट या व्यवहारांत इतकी रूढ आहे कीं, ती समजावून सांगावयास कोणी थांबतही नाहीं. आतां आमच्या भागांतील मेंढरें चरतात कोठें, तर बाभळी-बोरींच्या कांटेरी माळांत. कान फाटतो, बिल्ला गळतो, आणि मेंढपाळास तें चार-आठ दिवसांनीं उमगतें. असें दिसतांच कंपनीस लेखी कळवावें, पशुवैद्यकाकडून नवा बिल्ला बसवून घ्यावा, आणि नवा क्रमांक करारपत्रावर चढवून त्याची पोंच घ्यावी. यांतील शेवटचें काम लोक हमखास टाळतात. कानांत नवा क्रमांक व कागदावर जुना अशी स्थिति असेल तर हप्ता भरला असूनही हात रिकामेच राहण्याचा संभव आहे. क्रमांक उतरून घेतांना कारकुनाकडून एक आंकडा चुकला तरी परिणाम तोच. (कारकुनाकडून आंकडे चुकतात, हें आम्हांस दुसऱ्या कोणीं सांगावयास नको.) म्हणून करारपत्र हातीं येतांच तें घेऊन जनावरापुढें उभें राहावें व बाराही आंकडे एक एक करून ताडून पाहावे.

वर्णनाविषयींही तीच दक्षता हवी. खिलारांत कोसा, काजळी, हरण्या असे भेद आपण नित्य बोलतों, पण कागदावर मात्र ‘पांढरा बैल’ एवढेंच लिहूं देतों. असें वर्णन यल्लम्मादेवीच्या जत्रेंत आलेल्या अर्ध्या बैलांस लागू पडेल. शिंगांची ठेवण, भोंवरे, शेपटीचा गोंडा, अंगावरील डाग हें सारें लिहवून घ्यावें. धनी व जनावर एकत्र दिसतील आणि बिल्ला वाचतां येईल असा एक फोटो काढून ठेवावा.

हप्त्याविषयीं थोडक्यांत सांगतों. केंद्र सरकारची पशुधन विमा योजना २००५-०६ व २००६-०७ या दोन वर्षीं निवडक १०० जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून चालविली गेली. २०१४-१५ पासून हा विषय राष्ट्रीय पशुधन अभियानांत आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें लाभार्थ्याचा वांटा हप्त्याच्या शेंकडा १५ इतका खालीं आणला. पूर्वीं तो शेंकडा २० ते ५० असे. उरलेली रक्कम केंद्र व राज्य यांनीं ६० व ४० या प्रमाणांत द्यावयाची असते. समजा, साठ हजारांच्या गाईचा वार्षिक हप्ता शेंकडा चारप्रमाणें २,४०० रुपये झाला, तर शेतकऱ्याचे जातात ३६० रुपये. मेंढ्या-शेळ्यांसाठीं मर्यादा पांच पशु-एककांवरून दहा एककांवर नेली आहे. दहा मेंढ्यांचें एक एकक धरतात, म्हणजे एका कुटुंबास शंभर मेंढरांपर्यंत हा लाभ मिळूं शकतो. मात्र योजना आपल्या जिल्ह्यांत चालू वर्षीं कोणत्या कंपनीमार्फत व कोणत्या तारखांत आहे, तें पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाऊन विचारावें. दारीं आलेल्या माणसाच्या तोंडच्या माहितीवर विसंबूं नये.

किंमत ठरवितांना मोह होतो. माडग्याळी मेंढ्याचें बाकदार नाक व लांब कान यांस हौशी गिऱ्हाईक मिळतें, आणि २०२० सालीं आटपाडीच्या बाजारांत अशा एका नरास सत्तर लाखांची मागणी झाल्याचें वर्तमानपत्रांत आलें होतें. त्या वार्तेनंतर प्रत्येकास आपला मेंढा लाखाचा वाटूं लागला तर नवल नाहीं. पण पुष्कळ करारांत अशी अट असते कीं, विम्याची रक्कम किंवा आजारापूर्वींचा बाजारभाव यांपैकीं जी कमी तीच दिली जाईल. म्हणजे फुगविलेल्या किंमतीवर हप्ता अधिक भरावयाचा आणि भरपाई मात्र बाजारभावानें घ्यावयाची. याच्या उलट, हप्ता वांचविण्यासाठीं साठ हजारांची गाय तीस हजारांची लिहविली तर तीसांपुढें कांहीं मिळत नाहीं. पशुवैद्यकासमक्ष खरी किंमत लिहवावी हेंच बरें.

जनावर कोणत्या कामासाठीं आहे हें करारांत लिहिलेलें असतें, इकडे फारच थोड्यांचें लक्ष जातें. बैलगाडा शर्यतींवर २०१४ सालीं सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्यें महाराष्ट्रांत त्यांस परवानगी मिळाली, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें राज्याचा कायदा वैध ठरविला. तेव्हां शर्यत आतां नियमांच्या अधीन राहून भरवितां येते. पण शर्यत कायद्यानें चालते म्हणून शेतकामासाठीं विमा उतरविलेला बैल शर्यतींत पाय मोडून पडला तर कंपनी पैसे देईल असें होत नाहीं. लिहिलेल्या कामाहून निराळ्या कामीं जनावर लावणें, अतिभार घालणें, हेळसांड करणें, चोरी होणें, जनावर हरवणें, विमा सुरू होण्यापूर्वींचा आजार असणें, या गोष्टी ठराविक करारांत वगळलेल्या असतात. बैल नुसता पांगळा झाला तर काय, हेंही विचारावें. कायमच्या अपंगत्वाची भरपाई कांहीं करारांत असते, कांहींत जादा हप्ता भरल्यावांचून मिळत नाहीं.

आमच्याकडे दुष्काळाचा प्रश्न यांत मिसळतो. ठराविक पशुविमा करारांत आग, वीज, पूर यांबरोबर दुष्काळही धरलेला असतो; पण हेळसांड वगळलेली असते. उपासानें खंगून मेलेलें जनावर यांपैकीं कोणत्या सदरांत बसवावयाचें यावरून वाद होऊं शकतो. म्हणून अशा वर्षीं चारा छावणीची नोंद, चारा विकत घेतल्याच्या पावत्या व दवाखान्याचे कागद जपून ठेवावे. रोगाविषयीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, विमा सुरू झाल्यावर आरंभींचे कांहीं दिवस, बहुधा पंधरा, रोगानें आलेला मृत्यु धरीत नाहींत. दुसरी, घटसर्प, फऱ्या, लाळ्याखुरकूत अशा सांथीच्या रोगांसाठीं लस टोंचल्याचा दाखला मागतात. लस टोंचली पण दाखला घेतला नाहीं, असे लोक पुष्कळ भेटतात. मुदत संपून चार दिवस गेले व मग नवा विमा घेतला, तर प्रतीक्षेचे दिवस पुन्हां पहिल्यापासून मोजले जाण्याचा संभव असतो. बँकेच्या कर्जावर घेतलेल्या गाईच्या बाबतींत हें विशेष घडतें. पहिल्या वर्षाचा विमा बँकेनें उतरविलेला असतो, आणि पुढच्या वर्षीं बँक पाहील म्हणून शेतकरी गप्प बसतो. अशा करारांत भरपाईवर पहिला हक्कही बहुधा बँकेचाच असतो, हें विसरूं नये.

जत्रेंत किंवा खरसुंडीच्या बाजारांत विमा असलेलें जनावर विकलें, तर उरलेल्या मुदतीचा विमा घेणाऱ्याच्या नांवें करून घ्यावा लागतो. बैल नव्या धन्याच्या दावणीला आणि कागद जुन्या धन्याच्या पेटींत, अशा स्थितींत बैल मेला तर दोघांनाही कांहीं मिळणें कठीण. मेंढपाळांची अडचण आणखी निराळी आहे. कळप चाऱ्यासाठीं गांव सोडून दूर जातो, प्रसंगीं अथणी-विजापूरकडे राज्याबाहेरही जातो. कांहीं करारांत प्रदेशाची किंवा अंतराची मर्यादा घातलेली असते. परमुलुखांत मेंढरूं मेलें तर तेथील सरकारी पशुवैद्यकाचा शवविच्छेदनाचा दाखला चालेल कीं नाहीं, हें निघण्यापूर्वीं लेखी विचारून ठेवावें.

आतां कुत्र्यांविषयीं. कळपाबरोबर लांडग्याच्या वाटेवर जागणारा कुत्रा मेंढपाळास मेंढ्याइतकाच मोलाचा असतो, आणि आमच्या भागांत कारवानी कुत्रे पाळण्याची हौसही जुनी आहे. परंतु वर सांगितलेल्या सरकारी योजनेंत कुत्रा बसत नाहीं. त्याचा विमा कंपनीशीं सरळ करार करून उतरवावा लागतो व हप्ता सगळाच धन्याचा. त्याच्या कानांत गुरांसारखा सरकारी बिल्ला नसतो, म्हणून ओळखीचा प्रश्न अधिक बिकट. कातडीखालीं चिप बसविणें हा सर्वांत चांगला उपाय. नाहींतर फोटो व जातीचा दाखला. जातीच्या दाखल्यांतही एक मौज आहे. ज्या कुत्र्यास केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरॅव्हान हाउंड म्हणून नोंदवितो, त्यासच इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणतो. दाखल्यावर एक नांव व करारावर दुसरें, असें होऊं देऊं नये.

कुत्र्याच्या विम्यांत पहिला प्रश्न असा विचारावा : पैसे मृत्यूनंतर मिळणार कीं उपचारासाठींही मिळणार? कांहीं करार केवळ मृत्यूवर रक्कम देतात, कांहीं दवाखान्याचा व शस्त्रक्रियेचा खर्च देतात, आणि दोहोंचीं पत्रकें दिसावयास सारखींच आकर्षक असतात. उपचाराच्या करारांतही खर्चाचा कांहीं भाग धन्यानें सोसावा अशी अट असूं शकते, व बिल नोंदणीकृत पशुवैद्यकाचें लागतें. गांवांत कोणीतरी टोंचलेल्या सुईस बिल नसतें. रेबीज, डिस्टेंपर, लेप्टो यांसारखे रोग लसीच्या दाखल्यावांचून बहुधा धरीत नाहींत, म्हणजे ज्या रोगांनीं कुत्रीं खरोखर मरतात तेच दाखला नसला तर बाहेर राहतात. वयाची मर्यादा कंपनीपरत्वें बदलते. सात-आठ वर्षांचा कुत्रा असेल तर पुढील वर्षीं विमा चालू राहील काय, हें आधींच विचारावें. उंदरांसाठीं ठेवलेलें विष किंवा फवारणीचें औषध पोटांत जाऊन आलेला मृत्यु, आणि चोरी, यांविषयींचें कलमही वाचावें. ससा मारण्यासाठीं कुत्रे सोडणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं गुन्हा आहे. अशा कामीं कुत्रा दगावला तर भरपाईची आशा धरूं नये. कुत्रा वाटसरूस चावल्यास द्यावी लागणारी नुकसानभरपाई कांहीं करारांत जादा हप्त्यानें घेतां येते, आणि मेंढपाळानें तिचा विचार अवश्य करावा. निष्काळजीपणाबद्दल होणारी फौजदारी शिक्षा मात्र कोणताही विमा भरून देत नाहीं.

जनावर मेल्यावर त्याच दिवशीं कंपनीस कळवावें व कळविल्याची खूण ठेवावी. शवविच्छेदन होईपर्यंत पुरूं नये, बिल्ला कानांतून काढूं नये; बिल्ल्यासह मृत जनावराचे फोटो घ्यावे. सरकारी योजनेंत मुख्य कागद चारच : कंपनीस दिलेली सूचना, करारपत्र, मागणीचा अर्ज व शवविच्छेदनाचा अहवाल. याहून अधिक कागद मागितले तर कोणत्या कलमाखालीं मागतां, असें लेखी विचारण्यास संकोच करूं नये. नकार आला तर तोही लेखीच घ्यावा. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहावें. एक महिन्यांत समाधान झालें नाहीं किंवा उत्तरच आलें नाहीं, तर विमा लोकपालाकडे जातां येतें. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आंत तेथें तक्रार करावी लागते. लोकपालाचें कार्यालय पुण्यास आहे. तेथें फी पडत नाहीं आणि वकीलही लागत नाहीं.