स्तनाचा कर्करोग आणि संप्रेरकविरोधी इंजेक्शने

काशीच्या पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाचे मंदिर आहे. या घाटाच्या आणि शेजारच्या दुर्गा व ब्रह्मा घाटांच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. कार्तिकात तेथे आकाशदीप लागतात. स्नान, व्रते, उपवास सारे तिथीनुसार चालते. अशा घरातील एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला आणि डॉक्टरांनी ‘दर महिन्याला एक इंजेक्शन’ सांगितले, तर तिने महिना कसा मोजावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु उपचाराचा गुण त्याच्याशी निगडित आहे. तो कसा, हे कळण्यासाठी प्रथम या इंजेक्शनाचे कार्य पाहू.

स्त्रीच्या अंडाशयात इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक, म्हणजे हॉर्मोन, तयार होते. स्तनाच्या बहुसंख्य कर्करोगांत पेशींमध्ये इस्ट्रोजेनला पकडणारे रेणू आढळतात. त्यांस ‘ग्राही’ म्हणतात. अशा पेशींची वाढ इस्ट्रोजेनच्या बळावर होते. १८९६ साली ग्लासगो येथील शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी अंडाशये काढल्यावर असा रोग ओसरल्याचे प्रसिद्ध केले. आज तेच कार्य बहुधा औषधाने साधता येते. ‘हॉर्मोन उपचार’ या नावामुळे शरीरात हॉर्मोन घातले जाते असा समज होतो; वस्तुतः येथे ते रोखले जाते. म्हणूनच तपासणीत ग्राही न आढळल्यास या इंजेक्शनांचा उपयोग होत नाही.

ही इंजेक्शने मुख्यतः दोन प्रकारची आहेत. गोसेरेलिन व ल्युप्रोलाइड ही औषधे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला जाणारी आज्ञा थांबवितात. रजोनिवृत्ती न झालेल्या स्त्रियांना ती देतात. गोसेरेलिनची ३.६ मिलिग्रॅमची बारीक कांडी पोटाच्या त्वचेखाली ठेवतात आणि ती हळूहळू विरघळते. दुसरे औषध फुल्वेस्ट्रंट. ते ग्राहींनाच नष्ट करते. रोग पसरलेला असता ते ५०० मिलिग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत एकेक इंजेक्शन, असे सावकाश देतात. पहिल्या, पंधराव्या व एकोणतिसाव्या दिवशी आणि पुढे महिन्याच्या अंतराने.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोसेरेलिनच्या या कांडीचा ‘महिना’ २८ दिवसांचा असतो. चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांचा, तर इंग्रजी महिना बहुधा तीस-एकतीस दिवसांचा. तिथी किंवा तारीख धरून गेल्यास प्रत्येक खेपेला उशीर होतो. औषध संपले की अंडाशय पुन्हा जागे होऊ शकते. यास्तव वार लक्षात ठेवावा: पहिली मात्रा सोमवारी घेतली असेल, तर पुढची बरोबर चार आठवड्यांनी सोमवारीच. वर्षात अशा बारा नव्हे, तेरा मात्रा होतात. दोन-चार दिवसांचा उशीर झाल्यास घाबरू नये. मात्र रुग्णालयास तत्काळ कळवावे. यात्रा किंवा लग्नकार्य असेल, तर तारीख आधीच विचारून ठरवावी.

अंगातून गरम वाफा निघणे, घाम येणे, सांधे दुखणे, इंजेक्शनाची जागा दुखणे हे त्रास संभवतात. अंडाशय दीर्घकाळ थांबविल्याने हाडे ठिसूळ होऊ शकतात. पाळी थांबली म्हणून गर्भ राहणारच नाही असे समजू नये. गर्भनिरोधाचे हॉर्मोनविरहित साधन विचारून घ्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास किंवा यकृताचा विकार असल्यास आधीच सांगावे. फुल्वेस्ट्रंट घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजेनची तपासणी चुकीने जास्त आकडा दाखवू शकते. म्हणून तपासणी करणाऱ्यास औषधाचे नाव सांगावे. हे औषध २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. काशीच्या उन्हाळ्यात ते घरी नेताना ही दक्षता अवश्य घ्यावी.

वाराणसीत महामना पंडित मदनमोहन मालवीय कर्करोग केंद्र आणि लहरतारा येथील होमी भाभा कर्करोग रुग्णालय ही दोन्ही टाटा स्मारक केंद्राच्या अधिपत्याखाली चालतात. कोणत्याही रुग्णालयात रुग्णाने तीन गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: माझ्या रोगात ग्राही आहेत काय, माझ्या औषधाचे नाव काय, आणि पुढची मात्रा कोणत्या वारी? बरे वाटू लागले म्हणून इंजेक्शन स्वतःहून बंद करू नये. त्रास असह्य झाल्यास तो डॉक्टरांना सांगावा. उपाय किंवा दुसरे औषध सुचविणे हे त्यांचे काम आहे.