मधमाशी राखा, शिवार पिकवा



ऊस आपण टिपरी लावून घेतो. त्याला मधमाशी लागत नाही, म्हणून वसमत-औंढा भागात तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. पण त्याच शिवारात सूर्यफूल आहे, कांद्याचे बियाणे आहे, भोपळा-काकडीचे वेल आहेत. भोपळ्याचे नर फूल वेगळे, मादी फूल वेगळे. माशी फिरली नाही तर फूल गळते, फळ धरत नाही.

माशी घटते ती बरीचशी आपल्याच हाताने. भर दुपारी फुलोऱ्यावर औषध मारतो. पाचट पेटवतो, त्यात बांधावरची झुडपे आणि फुलोरी माशीची पोळी होरपळतात. आग्या मोहोळ तर टेंभा लावूनच काढतो.

तेव्हा आपण एवढे करू :

१. फुलोऱ्यात फवारणी टाळू. करावीच लागली तर दिवेलागणीला, माश्या परतल्यावर.

२. पाचट न जाळता सरीतच कुजवू.

३. बांधावर शेवगा, जांभूळ, करंज लावू.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' ठरले. तिथली बहुतेक कुटुंबे माश्या पाळतात. आपण निदान आहेत त्या राखू. येत्या तुरीच्या फुलोऱ्यापासूनच सुरुवात करू या.