पन्नासच्या जागी अठ्ठावन्न

आरएक्स 100 चा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोकही 50. हिशेब मांडला की 98 सीसी येतात. स्ट्रोक तोच ठेवून बोअर 58 केला तर होतात 132. बोअर वाढला फक्त सोळा टक्के, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, त्यामुळे इंजिनाची भूक पस्तीस टक्क्यांनी वाढते. स्वस्त किट विकणारा इथपर्यंत बरोबर सांगतो. ते जास्तीचं पेट्रोल कुठून येणार आणि जास्तीची उष्णता कुठे जाणार, हे तो सांगत नाही. मला ते हायवेवर कराडच्या पुढे कळलं.

आमच्या सातारा-सांगली पट्ट्यात या गाडीचा नाद अजून सुटलेला नाही. एस्कॉर्ट्सने 1985 ते 1996 ही गाडी काढली. त्यातल्या कित्येक अजून एमएच 11 आणि एमएच 10 च्या पाट्या लावून फिरतात. शंभर किलोच्या आसपास वजन आणि 11 अश्वशक्ती, म्हणून एकट्या माणसाला ती उडवत नेते. पण डबलसीट यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावं लागतं, आणि तिथेच कोणीतरी म्हणतो, ‘एकशेपस्तीसचा किट टाक की.’

वाईट एवढंच की ही कल्पना मुळात चुकीची नाही. यामाहानेच ती केली आहे. आरएक्स 135 चा स्ट्रोक 50 च आहे, बोअर 58. पण कंपनीने नुसता पिस्टन मोठा केला नाही. ब्लॉक नवा, हेड नवं, पेट्रोलचं माप त्याला जुळवलेलं. एवढं करूनही पाच गिअरच्या गाडीला 14 अश्वशक्ती मिळाली, म्हणजे सीसी पस्तीस टक्के वाढले आणि ताकद सत्तावीस. आमच्या किटच्या खोक्यात मात्र होतं काय, तर ब्लॉक, पिस्टन, रिंगा, गजन पिन आणि गॅस्केट. नवीन स्लीव्ह क्रँकच्या चेंबरच्या तोंडात बसेना म्हणून मिस्त्रींनी तोंड हातग्राइंडरने वाढवलं. कार्बोरेटरला हात लावला नाही, हेडही जुनंच.

साताऱ्यात गाडी मस्त चालली. राजवाडा ते पोवई नाका, फार तर यवतेश्वर. घाटात चालली म्हणजे सगळीकडे चालेल, असं वाटतं. खरं उलटं आहे. घाटात आपण सारखं गिअर बदलतो, वळणावर अॅक्सिलेटर सोडतो, इंजिनाला श्वास मिळतो. सपाट हायवेवर अॅक्सिलेटर एका जागी धरून दहा-पंधरा मिनिटं गाडी ओढली की पिस्टनची खरी परीक्षा होते. सांगलीला जायला पेठ नाक्यापर्यंत हायवे आणि मग आत वळून आष्टा. एप्रिलची दुपार होती. कराड सोडल्यावर आधी आवाज कोरडा झाला, मग कोणी मागून धरल्यासारखी गाडी जड झाली आणि मागचं चाक जागेवर थांबलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. टू-स्ट्रोकवर नवीन बोअर असेल तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर ठेवायची. बाकी सगळं वाचून विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ब्लॉक शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेला. वयस्कर माणूस, आयुष्य डिझेल इंजिनांचे लायनर मारण्यात गेलेलं. त्यांनी पिस्टन फिरवून पाहिला आणि विचारलं, “बसवायच्या आदी मोजला हुता का?”

“खोक्यावर 58 लिहिलं होतं, काका.”

“खोकं पळत न्हाई गाडीत.”

मग त्यांनी डायल गेज घातला. बोअर वर मोकळा आणि खाली आवळलेला होता. खाली तर पिस्टनला तीन शतांश मिलिमीटरचीही जागा नव्हती. पिस्टनचं अॅल्युमिनियम स्लीव्हच्या बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, शिवाय पिस्टन स्लीव्हपेक्षा जास्त तापतो. थंड असताना गुळगुळीत सरकणारा पिस्टन गरम झाल्यावर का अडकतो, याचं उत्तर एवढंच आहे. मोजायचीही रीत आहे. पिस्टन खालच्या बाजूला, पिनला काटकोनात मोजायचा, कारण तो वर निमुळता आणि अंडाकृती असतो. बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी. व्हर्निअरने हे काम होत नाही, मायक्रोमीटर लागतो. किती जागा ठेवायची ते पिस्टन बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असावं. लिहिलेलं नसेल तर तो किट घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती प्रत्येक आरएक्सवाल्याला यायला हवी. जाम झालेल्या पिस्टनवरचे ओरखडे वाचता येतात. चारी कोपऱ्यांवर असतील तर जागा कमी पडली, किंवा गाडी थंड असतानाच पिळली. फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर उष्णता जास्त झाली, बहुतेक पेट्रोल कमी पडलं. कार्बोरेटरच्या बाजूला असतील तर ऑइलकडे बघा. आमच्या पिस्टनवर पहिल्या दोन्ही खुणा होत्या. बोअर आवळलेला होताच, वर मेन जेट 98 सीसीचा. पस्तीस टक्के जास्त हवेला त्या प्रमाणात पेट्रोल मिळालं नाही की मिश्रण पातळ होतं आणि पातळ मिश्रण जास्त तापतं. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या सेटिंगवर मिश्रण आणखी पातळ होतं, आणि कार्बोरेटरचे जुने रबरही त्याने खराब होतात. आपल्याच भागातला ऊस आपल्याच टाकीत येतोय म्हटल्यावर तक्रार तरी कोणाकडे करायची! जेट आधी मोठाच टाकावा, मग प्लगचा रंग बघत खाली यावं. लहानापासून वर जायला गेलं तर वाटेत पिस्टन जातो.

जुनं हेड 58 च्या बोअरवर ठेवणं हा तर धोकाच. 50 साठी कोरलेल्या पोकळीत 132 सीसीचं मिश्रण दाबलं की कॉम्प्रेशन भलतंच वाढतं, आणि पिस्टनची कड हेडला लागते का तेही बघावं लागतं. पोर्टच्या कडा धारदार असतील तर रिंग अडकून तुटते. कडा घासून मोडलेल्या आहेत ना, हे बोट फिरवून कळतं. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे हवा, रिंगांची तोंडं खाचेतल्या पिनवर. मूळ गाडीतला ऑटोल्यूबचा पंप 98 सीसीच्या हिशेबाने ऑइल देतो, म्हणून सुरुवातीच्या पळवण्यात टाकीतही थोडं टू-टी टाकावं. आणि पिस्टनचं वजन करावं. जड पिस्टन म्हणजे क्रँकला जादा हादरा. कनेक्टिंग रॉडमध्ये आधीच खेळ असेल तर तो आठवड्यात ठोकायला लागतो. विट्याकडच्या एका ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर मी दोन्ही पिस्टन ठेवले. किटमधला अपेक्षेपेक्षा बराच जड निघाला.

ही मापं घेणारी माणसं आपल्याकडे नाहीत, असं कोणी म्हणू नये. किर्लोस्करवाडी 1910 ची, सातारा रोडला कूपरांचा इंजिनांचा कारखाना. बोअर मारण्याचं काम या दोन जिल्ह्यांत पिढ्यान्पिढ्या चालू आहे. कुठल्याही शेतीपंपाच्या इंजिनाला लायनर बसवताना शेतकरी मोजायला लावतो. गाडीच्या बाबतीतच आपण खोक्यावर विश्वास ठेवतो.

कागदांचंही बघायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने ठरवलेली मूळ माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या 182अ कलमात मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. आरसी बुकात 98 सीसी आणि ब्लॉकमध्ये 132 असताना अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण मिळतं. ‘गाडी व्हिंटेज आहे’ हेही उत्तर चालत नाही. 2021 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. पहिली आरएक्स 100 त्या रांगेत 2035 मध्ये लागेल.

मी स्वतः जुन्या ब्लॉकवर परत आलो. काकांनी तो अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईजला मारला, होनिंग करून दिलं. अगदी शेवटच्या एक मिलिमीटर ओव्हरसाईजलाही जेमतेम 102 सीसी होतात, आणि जेटपासून हेडपर्यंत काही बदलावं लागत नाही. घाटासाठी ताकद हवी होती ना, तर पुढचं स्प्रॉकेट एक दात कमी केलं. टॉप स्पीड थोडा गेला, पण डबलसीट यवतेश्वर आता बराचसा तिसऱ्यावर निघतो. खर्च किटच्या निम्म्याहून कमी. हे सगळं वाचूनही कोणाला 58 बसवायचाच असेल, तर त्याने निदान स्वतःचा मूळ ब्लॉक भंगारात किंवा किटवाल्याला एक्स्चेंजमध्ये देऊ नये. तो तेलाच्या फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवावा; आता चांगल्या अवस्थेतला शोधायला निघालात तर सापडेपर्यंत घाम निघतो.