पँटचा नंबर आणि पोटाचं माप

वाळूजच्या एका कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी विभागात काढली. हातात व्हर्निअर नाही असा दिवस जात नाही. नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतो : आधी झीरो बघ, मग माप घे, आणि माप कुठून घेतलंस तेही लिही. हे सगळं कळणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोटाचं माप मात्र वर्षानुवर्षं भलत्याच जागी घेतलं.

माझी उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६४ किलो. कंपनीच्या वार्षिक तपासणीत दरवेळी बीएमआय २२.७ आणि पुढं ‘नॉर्मल’. पँट चौतीसची. लग्नानंतर दोनेक वर्षांत हा नंबर आला तो हललाच नाही, याचा मला भारी अभिमान. एकदा मोबाइलवर अमेरिकन नौदलाचं सूत्र हाती लागलं. हॉजडन आणि बेकेट या दोघांनी १९८४ मध्ये मांडलेलं. पुरुषांसाठी उंची, मान आणि कंबर एवढ्यावर चरबीची टक्केवारी सांगतं. बायकांसाठी त्यात नितंबांचा घेर येतो. मान मोजली, ३७ भरली. कंबर कशाला मोजायची? पँट चौतीसची, म्हणजे ८६ सेंटिमीटर. उत्तर आलं १९.७ टक्के. आठवडाभर कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकवत होतो.

पुढच्या तपासणीत तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.१ आला. ५.७ च्या वर गेलं की मधुमेहाच्या उंबरठ्यावर धरतात. मी डॉक्टरांना म्हटलं, काहीतरी चुकलंय, माझं वजन नॉर्मल आहे. ते म्हणाले, ‘शर्ट वर करा.’ शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप लावली, श्वास सोडायला लावला आणि म्हणाले, ‘चौऱ्याण्णव.’ भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ ९० सेंटिमीटर, बायकांसाठी ८०. मी पँटच्या नंबराचा दाखला दिला, तर हसले. ‘पँट तुमच्या पोटावर बसत नाही हो, पोटाखाली बसते.’

घरी येऊन बेंबीवर टेप लावली. तिथंही चौऱ्याण्णवच. तोच आकडा नौदलाच्या सूत्रात टाकला : २५.३ टक्के. आठ सेंटिमीटर ढापले म्हणून साडेपाच टक्के चरबी कागदावरून गायब झाली होती.

पैठण गेटजवळचे माझे जुने टेलर हे फार आधीपासून जाणून होते. त्यांच्या जाड वहीत गिऱ्हाइकांची वर्षानुवर्षांची मापं आहेत. माझं पान काढायला लावलं. कमर चौतीस, चौतीस, चौतीस. पण शर्टाच्या पोटाचा आकडा दर दोन-तीन वर्षांनी वर सरकलेला, आणि पँटची आसनाची उंची कमी होत गेलेली. म्हणजे पोट पुढं येत गेलं आणि पँट खाली उतरत गेली. दोन्ही गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर लिहिल्या जात होत्या. चाचा माप घेताना दरवेळी म्हणायचे, ‘साब, पेट नक्को खींचो.’ मला वाटायचं, शर्ट घट्ट होऊ नये म्हणून सांगतात.

‘पण माझा बीएमआय?’ हा माझा शेवटचा बचाव होता. त्याला उत्तर आपल्या पुण्यातच तयार आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्सा यंत्रावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं याज्ञिकांनी इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हाही असंच दिसलं. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिथलं ३.५ किलोचं, स्नायू आपल्याकडे कमी, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नाही. काडीसारखे हातपाय आणि पुढं गोल पोट, हा आपला घरोघरचा नमुना आहे. मी आरशात रोज तोच बघत होतो. वजनकाट्याला हाड, स्नायू, चरबी सगळं सारखंच. आणि बीएमआय म्हणजे त्याच वजनाला उंचीच्या वर्गानं भागणं.

इथवर झाली ती अर्धी चूक. पुढची अर्धी जास्त महागात पडली.

घाबरून मी चरबी दाखवणारा काटा आणला. अनवाणी उभं राहायचं, तो पायांतून अगदी बारीक वीज सोडतो. पाणी असलेल्या स्नायूंतून ती सहज जाते, चरबीत अडखळते, त्यावरून हिशेब. मे महिना होता. रात्रपाळी करून घामेजून आलो की २८ टक्के, दुसऱ्या दिवशी पोटभर पाणी पिऊन झोप काढली की २४. नळाला पाणी कितव्या दिवशी येणार हा आमच्या शहराचा कायमचा प्रश्न. अंगात किती आहे हा नवा प्रश्न त्या काट्यानं उभा केला. आकडा चढला की मी रात्रीचं जेवण सोडायचो. दोन महिन्यांत चार किलो उतरले. पोट किती उतरलं? एक सेंटिमीटर. दंड मात्र सैल पडले, आणि जो जॉब मी एका हातानं सरफेस प्लेटवर ठेवायचो तो उचलताना दोन्ही हात लागायला लागले. चरबी कमी करायला निघालो आणि स्नायू घालवून बसलो.

शेवटी कारखान्यातलीच पद्धत घरी लावली. नवं गेज आलं की एकच नग दोन-तीन माणसांकडून तीन-तीनदा मोजून घेतो. आकडे जुळले तरच गेजवर विश्वास. बायकोनं आणि लेकीनं माझं पोट तीन-तीनदा मोजलं. बायकोचे आकडे ९३ ते ९४. लेकीचे ९१ ते ९५, कारण तिची टेप पाठीमागं खाली घसरत होती आणि मी नकळत पोट आत घेत होतो. नौदलाच्या सूत्रात माझ्या मापाला एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ०.७ टक्का. म्हणजे नुसत्या मोजण्यातच दोन-तीन टक्के इकडचे तिकडे! त्यात हे सूत्रही मुळात अमेरिकन सैनिकांवर बेतलेलं. ते मुक्कामाचा नेमका पत्ता देत नाही, दिशा सांगतं.

चिमटा-कॅलिपरचाही नाद करून झाला. १९७४ ची डर्निन आणि वुमर्स्ली यांची पद्धत : दंडाची पुढची बाजू, मागची बाजू, खांद्याच्या फऱ्याखाली आणि कमरेच्या हाडावर, अशा चार जागी कातडीची घडी चिमटीत धरून मोजायची. बेरजेवरून शरीराची घनता, आणि घनतेवरून चरबी. चरबीची घनता ०.९, बाकी शरीराची १.१ धरून केलेला हा हिशेब. आम्हा मेकॅनिकलवाल्यांना फारच आवडणारा. पण घडी दोन सेंटिमीटर इकडं धरली की आकडा बदलतो, स्वतःच्या पाठीवर स्वतःला धरता येत नाही, आणि आतड्यांभोवतीची चरबी चिमटीत येतच नाही. माझं दुखणं नेमकं तिथलं. एकाच सरावलेल्या माणसाच्या हातून होणार असेल तरच त्या वाटेला जा.

माझ्यासारख्यानं काय करावं? शिंप्याची कापडी टेप घ्या. जुनी ताणलेली असते, म्हणून स्टीलच्या पट्टीवर एकदा ताडून बघा. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी. बेंबीवर, टेप चारी बाजूंनी सपाट, कातडीत रुतू न देता, श्वास सहज सोडून. तीनदा मोजा, मधला आकडा लिहा, तारीख घाला. महिन्यातून एकदा पुरे. रोज मोजलं की माझ्यासारखं वेड लागतं. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत यायला हवी. माझी ८४ च्या आत यायला हवी, अजून आलेली नाही. वजन उतरतंय आणि कंबर जागची हलत नाही, तर उपास थांबवा आणि डॉक्टरांकडे जा.

मी रात्रीचं जेवण परत सुरू केलं, डाळ आणि अंडी वाढवली, विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर जायला लागलो, आठवड्यातून तीनदा डंबेल्स. वर्ष झालं. आज वजन ६३, म्हणजे मूळच्यापेक्षा फक्त एक किलो कमी. कंबर ८९. साखर ५.८. काटा माळ्यावर आहे.

दिवाळीच्या पँटचं माप द्यायला गेलो तेव्हा चाचांना टेप बेंबीवर धरायला लावली. वहीत त्यांनी लिहिलं, ‘कमर ३५’, आणि बाजूला कंसात, ‘ऊपर से’.