चिक वेबचे वादन

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात चिक वेब नावाचा एक गरीब मुलगा राहत असे. बालपणीच क्षयाने त्याच्या पाठीचा कणा ग्रासला. पाठीस कुबड आले, उंची खुंटली. आखडलेले अवयव मोकळे व्हावेत म्हणून ढोल वाजवावा, असा सल्ला त्यास मिळाला. वर्तमानपत्रे विकून त्याने पै पै साठवली व ढोलांचा संच घेतला.

जॅझ संगीतातील ढोलवादकाचे काम आपल्या तबलजीइतकेच नाजूक! लय तर सांभाळायचीच. पण ती सांभाळता सांभाळता सहवादकांना फुलवायचेही. एक हात झांजेवर, दुसरा लहान ढोलावर, पाय मोठ्या ढोलाच्या पट्टीवर. प्रत्येकाचे काम निराळे, ऐकणाऱ्यास मात्र एकच डौलदार चाल जाणवते. वेबला स्वरलिपी वाचता येत नसे. साऱ्या वाद्यवृंदाची रचना तो नुसती ऐकून मुखोद्गत करी.

१९३७ साली न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहात बेनी गुडमनच्या विख्यात वाद्यवृंदाशी त्याचा सामना झाला. गुडमनचा ढोलवादक जीन क्रुपा म्हणजे त्या काळी तरुणांच्या गळ्यातील ताईत. परंतु त्या रात्री क्रुपानेच उठून या ठेंगण्या वादकास लवून वंदन केले. पुढे दोनच वर्षांनी वेब निवर्तला.